अंध धावपटूचा गाइड रनर व्हायचंय? मग हे बघा
पॅरिस २०२४ पॅरालिम्पिकला सिमरन शर्माने टी-१२ (खूप कमी दिसणाऱ्या धावपटूंचा गट) च्या २०० मीटरमध्ये २४.७५ सेकंदात ब्राँझ घेतलं ना, तिच्या शेजारी पळणारा अभय सिंग, तोच गाइड.

पहिलं म्हणजे तुमचा स्पीड धावपटूपेक्षा जास्तच पाहिजे, कारण पळता पळता बोलायचंही असतं. दोरी अजिबात न ताणणारी घ्या, एक टोक तुमच्या उजव्या हातात, दुसरं धावपटूच्या डाव्या. आधी नुसतं चाला मग जॉगिंग मग स्पीड, दोघांचे ते हात एकदमच पुढे जायला हवेत, आरशात बघितल्यासारखे, इथेच महिने जातात बरं का. वळण आलं की आधीच सांगा. ओढायचं नाही, बाद करतात. आणि फिनिशला छाती पुढे काढायची सवय असेल तर मोडा, धावपटू आधी, तुम्ही मागे.