विजेचा प्रेशर कुकर घेताना, खोक्यातून काढताना आणि पहिल्यांदा लावताना

वरणाला तीन शिट्ट्या, छोल्यांना सात-आठ आणि मग गॅस बारीक करून दहा मिनिटे, असा हिशेब ज्या घरात तोंडपाठ असतो, त्या घरात विजेचा बहुउपयोगी प्रेशर कुकर आला की पहिली अडचण शिट्टीचीच होते, कारण हा कुकर शिट्टी देतच नाही. तो आतला दाब स्वतः मोजतो, हवा तेवढा झाला की आच कमी-जास्त करून तो टिकवतो आणि आपण दिलेली मिनिटे संपली की थांबतो. तेव्हा हे यंत्र घ्यायचे म्हणजे शिट्ट्यांचा हिशेब सोडून मिनिटांचा हिशेब शिकायचा, ही मनाची तयारी खरेदीआधीच करावी. ती नसेल, तर काही महिन्यांनी तेच यंत्र माळ्यावर गेलेले दिसते.

दुकानात पहिला गोंधळ नावाचा होतो. आपल्याकडे ‘मल्टीकुकर’ या नावाने काचेचे झाकण आणि फिरवायचे बटण असलेले विजेचे साधे पातेलेही विकले जाते. त्यात मॅगी, उकडलेली अंडी, खिचडी असे पदार्थ होतात. वसतिगृहातल्या मुलांना ते उपयोगीही पडते. पण त्यात दाब तयार होत नाही, म्हणून भिजवलेला राजमा तासभर शिजवत बसावे लागते. प्रेशर कुकरचे झाकण जाड असते, फिरवून घट्ट बसते आणि त्याच्या आत रबरासारखी सिलिकॉनची रिंग असते. ‘इन्स्टंट पॉट’ २०१० मध्ये कॅनडात बाजारात आला आणि पुढे या जातीच्या कुकरची ओळखच त्या नावाने होऊ लागली. आता इतरही अनेक कंपन्या तसेच कुकर करतात.

आकार ठरवताना माणसे मोजावीत, पण डबेही मोजावेत. दोन-तीन माणसांना तीन लिटरचा पुरतो आणि चार ते सहा माणसांच्या घराला सहा लिटरचा लागतो. मात्र लिटरचा आकडा काठोकाठचा असतो हे विसरू नये: या कुकरात दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचे नसते, आणि डाळ, तांदूळ, कडधान्ये असे फुगणारे किंवा फेसाळणारे काही असेल तर निम्म्यावर थांबायचे असते. सहा लिटरच्या बहुतेक कुकरांत आतल्या भांड्याचा व्यास साधारण २२ सेंटीमीटर असतो. घरातले भाताचे आणि वरणाचे डबे त्यात उतरले पाहिजेत आणि कडेने वाफ फिरायला बोटभर जागाही उरली पाहिजे. दुकानात जाताना भाताचा डबा पिशवीत टाकून न्यावा. विक्रेता क्षणभर हसेल, पण चुकीच्या मापाचा कुकर घरी येणार नाही.

आतले भांडे स्टेनलेस स्टीलचे घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. नॉन-स्टिक भांड्याला भात चिकटत नाही हे खरे, पण आपल्याकडे फोडणीला पळी आणि घासायला तारेची घासणी चालते, आणि त्यांच्यापुढे तो थर फार काळ टिकत नाही. बटणे सोळा आहेत की बावीस याला फारसा अर्थ नाही. खिचडी, सूप, कडधान्ये अशी नावे दिलेली बहुतेक बटणे म्हणजे दाब आणि मिनिटे यांच्या आधीच ठरवलेल्या जोड्या असतात. दाबावर शिजवणे, परतणे आणि दही लावण्याइतकी मंद ऊब धरणे ही तीन कामे नीट होत असली की पुरे. त्याऐवजी सुटी रिंग आणि सुटे आतले भांडे आपल्या गावात मिळते का, हे अवश्य विचारावे. खोक्यावर आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर टाकून पडताळता येतो.

अमेरिकेतल्या भावाने किंवा मुलीने सामानातून कुकर आणला असेल, तर प्लग लावण्याआधी तळाची चिकटपट्टी वाचावी. तिकडच्या कुकरावर १२० व्होल्ट असे छापलेले असते आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट असतात. पिनेला अ‍ॅडॉप्टर लावल्याने पिन बसते, विजेचा दाब (व्होल्ट) बदलत नाही. तापणारी कॉइल अशा वेळी साडेतीन पटींहून अधिक वीज ओढते आणि कुकर क्षणात जळतो. वीज उतरवणारा मोठा ट्रान्सफॉर्मर घेतला तर तो चालतो, पण तेवढा खर्च आणि ओट्यावरची तेवढी जागा यांचा विचार करता इथला कुकर इथेच घेणे शहाणपणाचे. उलट दिशेनेही हेच लागू आहे: इथून तिकडे नेलेला कुकर जळणार नाही, पण पाव आचेवर कुंथत बसेल.

घरी आल्यावर खोके ओट्यावर न उघडता जमिनीवर वर्तमानपत्र पसरून उघडावे. कुकर ऑनलाइन मागवला असेल, तर चिकटपट्टी कापण्यापासून सर्व सुटे भाग बाहेर येईपर्यंतचे चित्रण मोबाइलवर एका दमात करून ठेवावे, म्हणजे पोचा आलेला निघाल्यास वाद घालावा लागत नाही. खोक्यावरचा क्रमांक, यंत्राच्या पाठीवरचा क्रमांक आणि हमीपत्रावरचा क्रमांक एकच आहे का ते पाहावे. परत करण्याची मुदत संपेपर्यंत थर्मोकोलसकट खोके जपावे.

आता झाकण काढून आतले भांडे उचलावे, कारण खरी तपासणी त्याच्या खाली आहे. भांडे आणि तापणारी तबकडी यांच्यामध्ये पुष्कळदा पुठ्ठ्याची चकती, प्लास्टिकचा कागद किंवा सिलिका जेलची पुडी ठेवलेली असते; ती तशीच राहिली तर पहिल्याच दिवशी घरभर धूर होतो. तबकडीच्या मधोमध एक गोल बुंधा असतो. बोटाने दाबला की तो किंचित खाली जाऊन परत वर आला पाहिजे, कारण भांड्याचे तापमान त्यालाच कळते. भांड्याचा तळ सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का तेही पाहावे. मग झाकण उलटे करून रिंग ओढून काढावी, पुन्हा तारेच्या कड्यात सगळीकडून बसवावी आणि हाताने फिरवून पाहावी; ती थोडा जोर लावल्यावर फिरली पाहिजे, सुटता कामा नये. झाकणातली छोटी धातूची खुंटी, जी दाब भरल्यावर वर उचलली जाते, ती बोटाने सहज खालीवर होते ना, हेही बघावे. झाकण, रिंग आणि भांडे साबणाने धुवावे. बाहेरचे यंत्र मात्र फक्त ओल्या फडक्याने पुसायचे असते, नळाखाली धरायचे नसते.

इथे एक कबुली देतो. कुकर घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी धुतलेले तांदूळ आणि दोन वाट्या पाणी सरळ यंत्रात ओतले, आणि आतले भांडे शेजारी ओट्यावर पालथे वाळत होते. प्लग लावलेला नव्हता, एवढेच नशीब. यंत्र उपडे करून, दोन दिवस पंख्याखाली वाळवून मगच ते पुन्हा सुरू केले, आणि तांदळाचे दाणे पुढे महिनाभर खालच्या फटींतून निघत होते. तेव्हापासून आतले भांडे घासून झाले की लगेच पुसून यंत्रातच ठेवण्याचा नियम घरात झाला. ठेवताना त्याची बाहेरची बाजू कोरडी असायलाच हवी.

साधारण एक हजार वॅटचा हा कुकर चार-साडेचार अँपिअर वीज घेतो, म्हणून अर्थिंग असलेला तीन पिनांचा भिंतीतला सॉकेट त्याला पुरतो. मात्र मिक्सर आणि फ्रिज ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर आहेत, तिथे त्याला पाहुणा म्हणून घुसवू नये. जागा निवडताना वर पाहावे. वाफ सरळ वर उसळते, आणि डोक्यावर प्लायवूडचे कपाट असेल तर काही महिन्यांत त्याचा तळ फुगतो.

अन्न शिजवण्याआधी नुसत्या पाण्याची चाचणी करावी. तीन वाट्या, म्हणजे सुमारे पाऊण लिटर पाणी घालून झाकण लावावे, वाफेची खुंटी बंद खुणेवर फिरवावी आणि दाबावर पाच मिनिटांची वेळ द्यावी. आकडे लगेच उलटे मोजू लागत नाहीत, म्हणून घाबरून काही दाबू नये. आधी लहान खुंटीपाशी थोडी वाफ फुसफुसते, मग टक असा आवाज होऊन ती वर येते, फुसफुस थांबते आणि त्यानंतर मिनिटे सुरू होतात. दहा मिनिटांनंतरही कडेने वाफ निघत राहिली तर रिंग नीट बसलेली नाही, असे समजावे. नव्या यंत्राला पहिल्यांदा थोडा वास येतो, तो पुढे जातो. शेवटी पळीच्या दांड्याने वाफेची खुंटी उघडून वाफ सोडावी. हात, तोंड आणि शेजारी उभी असलेली लहान मुले दूर असावीत.

पहिला पदार्थ वरणभातच करावा, कारण त्याची चव आणि पोत आपल्याला अचूक माहीत असतो. गॅसवरचा कुकर वातावरणाच्या वर सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाबावर शिजवतो आणि आत साधारण १२० अंश सेल्सिअस तापमान असते. विजेच्या बऱ्याच कुकरांत दाब पाऊणपटच असल्याने तापमान तीन-चार अंशांनी कमी राहते, म्हणून डाळीला थोडी अधिक मिनिटे लागतात. तळाशी दीड-दोन वाट्या पाणी घालून तिवई ठेवावी, त्यावर अर्धा तास भिजलेल्या तुरीच्या डाळीचा डबा आणि वर भाताचा डबा ठेवून दहा मिनिटे द्यावीत. मग दहा मिनिटे वाफ आपोआप जिरू द्यावी. कोलमचा भात असा मऊ होतो. मोकळाच हवा असेल तर भात वेगळा लावून पाच-सहा मिनिटांवर आणावा. पाणी आटत नसल्यामुळे नेहमीपेक्षा थोडे कमी घालावे. दाब भरायला दहा-बारा मिनिटे जातात हे धरले, तर एकूण वेळ गॅसपेक्षा कमी लागत नाही, आणि ‘झटपट’ या जाहिरातीवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. फायदा हा, की त्या अर्ध्या तासात स्वयंपाकघरात थांबावे लागत नाही.

राजम्याबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कच्च्या राजम्यात एक विषारी लेक्टिन असते आणि ते खळखळ उकळल्याशिवाय नष्ट होत नाही. म्हणून मंद आचेवर कित्येक तास शिजवण्याचे जे बटण असते, त्यावर कच्चा राजमा कधीही लावू नये. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात दाबावरच शिजवावा. मसाला परतून त्यातच रस्सा करायचा असेल, तर पाणी घातल्याबरोबर तळाला चिकटलेले लाकडी उलथन्याने खरवडून घ्यावे, नाहीतर यंत्र करपल्याची सूचना देऊन बंद पडते. पिठले आणि बेसन लावलेली आमटी याच कारणाने कढईतच करावी.

काम झाले की रिंग काढून धुवावी आणि झाकण घट्ट न लावता यंत्रावर उलटे ठेवावे. सिलिकॉन वास धरून ठेवते. काल गरम मसाला घातलेला रस्सा शिजला असेल आणि आज खीर करायची असेल, तर फरक लगेच जाणवतो. मी दोन रिंगा ठेवल्या आहेत, तिखटाची लाल आणि गोडाची पांढरी, आणि पांढरी खिळ्याला वेगळी टांगलेली असते.