लोट्याच्या क्यूसी लॅबमधून ओपन सोर्स औषधांकडे: नव्याने येणाऱ्यांसाठी थोडंसं

बीएस्सी केमिस्ट्री किंवा बीफार्म करून रत्नागिरी-सिंधुदुर्गातच असलेली पोरं मला कायम दोन गोष्टी विचारतात. पुण्या-मुंबईला न जाता रिसर्चमध्ये काही करता येतं का, आणि ओपन सोर्स औषध ही काय भानगड आहे. दोन्हीचं उत्तर एकत्रच देतो, कारण ओपन सोर्सच्या नादानेच मी रिसर्चमध्ये शिरलो. मी कुडाळकडचा, नोकरी लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोल, मालाची तपासणी), शिफ्ट संपली की रूमवर येऊन लॅपटॉप उघडायचा, एवढीच माझी लॅब.

सॉफ्टवेअरचा ओपन सोर्स सगळ्यांना माहीत असतो. औषधात त्याचा अर्थ असा की कुठला रेणू करायचा ही कल्पना, रोजची लॅब नोटबुक, टेस्टचे रिझल्ट, फसलेल्या रिअॅक्शन, सगळं पहिल्या दिवसापासून उघड्यावर, आणि पेटंट कोणीच घ्यायचं नाही. ओपन सोर्स मलेरिया हा त्यातला नावाजलेला प्रोजेक्ट, मॅट टॉड नावाच्या केमिस्टने सिडनीत असताना उभा केलेला, आता ते लंडनला यूसीएल विद्यापीठात आहेत. त्यांच्या नियमांत एक मला फार आवडतो: खासगी ईमेलपेक्षा चारचौघांत केलेली चर्चा जास्त मोलाची.

याची गरज काय, ते आपल्या सिंधुदुर्गात राहून लवकर कळतं. माकडताप घ्या. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात सापडलेला व्हायरस, गोचिडीतून पसरतो, २०१६ मध्ये दोडामार्गकडे आला आणि काजूच्या बागांत राबणारी माणसं तापाने आडवी झाली. त्या व्हायरसवर नेमकं असं औषध आजही नाही, सलाईन आणि देखरेख. आता कंपनीच्या जागी बसून हिशोब करा, पेशंट थोडे, तेही हातावर पोट असलेले, वर्षातले काही महिनेच, मग त्यावर कोट्यवधी घालून पेटंटच्या काळात ते वसूल कसे करणार? नाही करणार. म्हणून टीबी, मलेरिया, मायसेटोमा (बुरशीने किंवा जंतूंनी बहुतेक पायाला होणारा आजार) असल्या आजारांतच हे उघड काम आधी सुरू झालं. आपल्याकडे सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने २००८ मध्ये टीबीसाठी ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी सुरू केलं आणि त्यात देशभरातल्या कॉलेजच्या पोरांनी टीबीच्या जंतूच्या जवळपास चार हजार जीन्सची माहिती पेपरांतून शोधून, तपासून एकत्र लावली. यातल्या कित्येकांकडे लॅब नव्हती, नेट कॅफे होता.

सुरुवात कुठून करायची? सगळे डॉकिंगवर, म्हणजे रेणू प्रोटीनमध्ये कसा बसेल ते कॉम्प्युटरवर बघण्यावर, उड्या मारतात. ऑटोडॉक व्हिना हे त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पीडीबी या ऑनलाइन साठ्यावरून प्रोटीनचं स्ट्रक्चर फुकट मिळतं, यूट्यूबवर व्हिडिओ आहेत, त्यामुळे एका रात्रीत हळदीतलं कर्क्युमिन नाहीतर कोकमातलं गार्सिनॉल कुठल्यातरी प्रोटीनमध्ये बसवून स्कोअर भारी आला म्हणून पोस्ट टाकतात. तो स्कोअर अंदाज असतो हो, तेवढ्यावर कोणी ग्रॅमभरही रेणू बनवणार नाही. आणि कर्क्युमिन तर टेस्टमध्ये भलतेच रिझल्ट दाखवण्यासाठी बदनाम आहे, हळद आमटीतच बरी.

माझा सल्ला: डेटा साफ करण्यापासून सुरुवात करा. कंटाळवाणं आहे म्हणूनच तिथे माणसं कमी असतात आणि नवख्याला लगेच घेतात. म्हणजे नक्की काय करायचं ते सांगतो. मलेरियाच्या रेणूंची एक्सेल शीट उघडलीत. एकाच रेणूच्या तीन ओळी दिसतात, एक हायड्रोक्लोराइड सॉल्ट, एक नुसता बेस, तिसरीत स्टिरिओकेमिस्ट्री (अणूंची अवकाशातली मांडणी) लिहायची राहिलेली. आयसी५०, म्हणजे परजीवीला निम्म्याने रोखायला रेणू किती लागतो तो आकडा, एका ओळीत ०.४ आणि दुसरीत ४००. घाबरायचं नाही, पहिली मायक्रोमोलरमध्ये आहे, दुसरी नॅनोमोलरमध्ये, गोष्ट एकच, पण कोणी युनिटचा कॉलम उडवला असेल तर कॉम्प्युटरला तो हजारपट फरक वाटणार. त्याहून वाईट म्हणजे ‘१० पेक्षा जास्त’. याचा अर्थ तिथपर्यंत डोस वाढवून पाहिला तरी परजीवीला पुरेसा फरक पडला नाही, आणि कोणी ते ‘पेक्षा जास्त’ काढून नुसते १० ठेवले की निकामी रेणू थोडाफार चालणारा दिसायला लागतो. आरडीकिट या फुकट सॉफ्टवेअरने सॉल्ट काढता येतात, डुप्लिकेट सापडतात, पायथन थोडं यायला हवं, पण अशा ठिकाणी मूळ नोटबुकचं पान उघडून बघायला माणूसच लागतो. क्यूसीत काम केलेल्याला हे हाताच्या मळासारखं, बॅच रेकॉर्डमध्ये आपण दुसरं काय करतो.

विचारायचं कसं तेही शिकून घ्या. ‘सर, मला इंटरेस्ट आहे, प्लीज गाइड करा’ याला कोणी उत्तर देत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. ‘या ओळीतला मेल्टिंग पॉइंट नोटबुकमधल्या पानाशी जुळत नाही, कुठला धरू?’ असं गिटहबवर, म्हणजे प्रोजेक्टची उघडी चर्चा चालते त्या साइटवर, विचारलंत की उत्तर येतं. इंग्लिश तोडकंमोडकं असलं तरी चालतं, जगभरातली माणसं तसंच लिहितात.

आता आपल्या एमआयडीसीवाल्यांसाठी खास. स्वस्त औषधाची किंमत बऱ्याचदा रेणूच्या शोधात नाही तर तो बनवण्याच्या प्रोसेसमध्ये ठरते. प्राझिक्वांटेल हे शिस्टोसोमियासिस या जंतांच्या आजारावरचं औषध दोन आरशातल्या रूपांचं मिश्रण असतं, त्यातलं एकच रूप कामाचं, दुसरं कडू. कामाचं रूप स्वस्तात वेगळं कसं करायचं हा प्रश्न टॉड यांच्या गटाने उघडपणे मांडला आणि बरीचशी उपयोगी मदत आली ती कंपन्यांत काम करणाऱ्या केमिस्टांकडून, शेवटी मार्ग निघाला तो जुन्या पद्धतीच्या क्रिस्टलायझेशनने, २०११ मध्ये पेपर आला. लोटे-महाडच्या प्लांटमध्ये क्रिस्टल कधी पडतो, कधी तेल होऊन बसतो हे झोपेतही सांगणारे काका लोक आहेत, त्यांना कोणी विचारतच नाही. फक्त एक पथ्य: कंपनीशी केलेला गुप्ततेचा करार वाचा. सामान्य केमिस्ट्री बोला, कंपनीची रेसिपी, सॉल्व्हंटचं प्रमाण, बॅचचे आकडे बाहेर टाकू नका. आणि रूमवर, पडवीत काहीही बनवायला जाऊ नका. २०१६ मध्ये सिडनीच्या शाळकरी पोरांनी डाराप्रिम या परजीवींच्या आजारावरच्या गोळीतलं पायरीमेथामिन बनवलं ती बातमी सगळ्यांना आठवते, अमेरिकेत डाराप्रिमच्या एका गोळीची किंमत १३.५० डॉलरवरून ७५० डॉलर केली होती, पण ते शाळेच्या लॅबमध्ये, युनिव्हर्सिटीच्या केमिस्टांच्या देखरेखीखाली झालं होतं. आणि त्याने तिथली किंमत काही उतरली नाही, कारण अडचण केमिस्ट्रीची नव्हतीच, बाजारात दुसरा विकणारा नव्हता.

लसीचं गणित अजून वेगळं. कॉर्बेव्हॅक्स ही कोविडची लस टेक्सासमधल्या पीटर होटेझ आणि मारिया एलेना बोटाझी यांच्या टीमने पेटंट न घेता दिली, हैदराबादच्या बायोलॉजिकल ई ने बनवली, डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याकडे आपत्कालीन मंजुरी मिळाली. पण नुसता कागद देऊन भागलं नसतं, प्रोटीन तयार करणारं यीस्ट द्यावं लागलं, ते कसं वाढवायचं हे शिकवावं लागलं, मग ट्रायल, मग बॅच टेस्टिंग. पेटंट नसलं म्हणजे कुठलाही पोरगा लस बनवेल असं नाही. घरबसल्या कामासाठी छोटे रेणू जास्त सोयीचे. कोविड मूनशॉट हा कोविडच्या औषधासाठीचा खुला प्रोजेक्ट २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाला तेव्हा जगभरातून १८ हजारांवर डिझाइन्स आली, आणि जपानच्या शिओनोगी कंपनीला एन्सिट्रेलव्हिर हे कोविडचं औषध शोधताना काही अंशी मूनशॉटच्या खुल्या स्ट्रक्चर्सचा उपयोग झाला.

आता पैशांचं. आमच्या अण्णांनी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा एकच विचारलं, ‘पगार कितको गावता तो सांग आधी.’ काही नाही, अण्णा. हे फुकटचं काम आहे हे समजूनच या, नोकरी सोडून तर मुळीच येऊ नका. फायदा वेगळ्या वाटेने होतो: केलेलं काम तारखेसकट उघड्यावर राहतं, कधी पेपरमध्ये आभारात किंवा लेखकांत नाव येतं, आणि इंटरव्ह्यूला ‘प्रोजेक्ट काय केला’ विचारलं की लिंक देता येते. डेटाच्या कामाला घेणाऱ्या कंपन्या तेच बघतात, कॉलेजचं नाव नंतर. सर्टिफिकेट विकणारे ‘ड्रग डिस्कव्हरी इंटर्नशिप’वाले मात्र टाळा, पैसे आपणच द्यायचे आणि काम म्हणजे तेच ते कर्क्युमिन.

पावसाळ्यात लाइट जाते, नेट जातं, त्यामुळे जड काम लॅपटॉपवर रात्रभर लावू नका, गूगल कोलॅबवर, म्हणजे गूगलच्या कॉम्प्युटरवर, टप्प्याटप्प्याने चालवा आणि प्रत्येक टप्प्याची फाइल लगेच सेव्ह करा. आणि पहिला आठवडा काहीच पोस्ट न करता फक्त जुन्या नोटबुक्स वाचा, फसलेल्या रिअॅक्शनची पानं आधी.