खानदेशच्या उन्हाळ्यात इन्व्हर्टरची आणि फवारणी पंपाची बॅटरी कशी टिकवावी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. बॅटरी सगळ्यात जास्त झिजते ती याच दिवसांत. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी चढं राहिलं तर आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणून आधी जागा बघा. पत्र्याखालचा माळा, बंद पेटी, दुपारचं ऊन खाणारी पश्चिमेची भिंत, यांपैकी काहीच नको. धाब्याच्या घरातली आतली खोली उत्तम, पण हवा खेळती हवी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, त्यामुळे चूल, गॅस आणि देवघरातला दिवा लांबच असू द्या.

इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटांच्या) बॅटरीचं पाणी एरवी दोन महिन्यांनी बघितलं तरी चालतं. होळीपासून मृगापर्यंत मात्र दर १५ दिवसांनी बघा. पाणी भरायचं ते बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर. चार्जिंगमध्ये पातळी वर येते, त्यामुळे आधीच काठोकाठ भरलं तर आम्ल बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी आधी घाला, चार्ज करा, मग फ्लोटच्या (पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या काडीच्या) वरच्या खुणेपर्यंत भरा. पाणी डिस्टिल्डच हवं. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार आणि लोह प्लेटा खराब करतात, आणि आरओच्या पाण्यातही थोडे क्षार राहतातच. ‘आम्ल कमी झालंय’ म्हणून कुणी आम्ल भरायला सांगितलं तर ऐकू नका. उडून जातं ते पाणी, आम्ल आतच राहतं. वरून आणखी घातलं की प्लेटा लवकर गळतात.

बॅटरीची तब्येत कळते ती हायड्रोमीटरने, म्हणजे आतल्या द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीने. २७ अंश तापमानाला पूर्ण चार्ज ट्युब्युलर बॅटरीत साधारण १२४० वाचन येतं. द्रव ४२ अंशांवर असेल तर तेच वाचन सुमारे १० ने कमी दिसतं, त्यामुळे १२३० बघून घाबरू नका. बॅटरीच्या सहाही घरांचं (सेलचं) वाचन घ्या. एकच घर बाकीच्यांपेक्षा ३० हून जास्त खाली असेल तर ते घर जातंय. सगळीच घरं खाली असतील तर चार्जिंग अपुरं आहे. इन्व्हर्टरच्या मागची बॅटरी निवडायची कळ ट्युब्युलरवर आहे ना, हे तेव्हा आधी तपासा. गावात व्होल्टेज कमी मिळतं आणि लाईट सारखी जाते, तेव्हा बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहते. प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात, ते पुन्हा विरघळत नाहीत.

यावर खरा उपाय भार कमी करण्याचा. १५० अँपिअर-तास, १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास. त्यातले निम्मेच वापरायचे, आणि इन्व्हर्टरमधली घट धरली तर हाती ७२० च्या आसपास उरतात. ७५ वॅटचे दोन जुने पंखे त्यात पावणेपाच तास चालतात. ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे जवळपास १२ तास. नवी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर इन्व्हर्टर बंद करा, आधी ऋण तार काढा, मग धन. झाकणं घट्ट लावून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा. सोडा बॅटरीच्या घरात गेला तर आम्ल मारतो. कोरडं पुसा, तारा कसा (धन आधी, ऋण शेवटी) आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करा.

फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी फवारताना कमी, रिकामी पडून जास्त मरते. कपाशीची फवारणी संपली की पंप तसाच खोलीत टाकला जातो आणि पुढच्या आषाढात बॅटरी चार्जच घेत नाही. हंगाम संपला की पूर्ण चार्ज करा. बॅटरीची तार सोडवून ठेवा, कारण पंपावरचा मीटर कळ बंद असतानाही कधीकधी थोडा करंट खातो. दर महिन्याला मल्टीमीटरने व्होल्टेज बघा. १२.५ च्या खाली आलं की पुन्हा चार्ज, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास तर न चुकता, कारण उन्हात ती आपोआप लवकर उतरते.

हंगामात फवाऱ्याचा जोर मंदावला की थांबा, शेवटच्या थेंबापर्यंत ओढू नका. आल्यावर बॅटरी तासभर निवू द्या आणि त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावा. १.७ अँपिअरच्या चार्जरला पाच-सहा तास पुरतात. आपोआप बंद न होणारा चार्जर रात्रभर ठेवला तर आतलं पाणी वाफ होऊन जातं, आणि सीलबंद बॅटरीत ते परत भरता येत नाही.

मोबाईल आणि लिथियमच्या टॉर्चचं थोडक्यात: २० ते ८० टक्क्यांत ठेवा, उन्हात किंवा ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर चार्ज करू नका, महिनाभर पडून राहणार असेल तर निम्मी भरून ठेवा. फुगलेली बॅटरी टोचू-दाबू नका. ती आणि जुनी शिशाची बॅटरी उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे परत द्या. शिशाच्या बॅटरीचे नव्या खरेदीत पैसेही वजा होतात.