सौर पंपावर हरभऱ्याचं ओलित कसं करायचं

वावरात सौर पंप बसला की पहिल्या हिवाळ्यात जवळपास सगळ्यांची एकच तक्रार असते. आमच्या शेजारच्या भाऊजींनीही तीच केली, "वहिनी, मोटर चालू हाये, पाणी येऊन राहिलं, पण स्प्रिंकलरचे नोझल काही फिरून नाही राहिले." कंपनीचा माणूस येतो, तोवर बारा वाजलेले असतात, ऊन चढलेलं असतं, नोझल गरगर फिरत असतात. तो म्हणतो सगळं ठीक आहे, आणि जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

मोटर बिघडलेली नसते. लाइनवरची मोटर चालली तर पुरी चालते, नाहीतर बंद असते. सौर मोटरचं तसं नाही, ऊन जसं वाढतं तसा तिचा वेग वाढतो. वेग निम्मा असेल तर पाणी साधारण निम्मं येतं, पण दाब मात्र चौथाई राहतो. सगळी मेख इथे आहे. स्प्रिंकलरच्या नोझलला फिरायला दोन ते अडीच किलो दाब लागतो, उघड्या पाइपाला जवळपास काहीच नाही. म्हणून सकाळी नऊला पाइपातून पाणी छान पडताना दिसतं आणि तेच पाणी नोझलला गेलं की मरतं.

तेव्हा कामाची वाटणी उन्हाप्रमाणे करायची. सकाळचं पहिलं पाणी उघड्या पाइपाने भाजीच्या वाफ्यांना, ढोरांच्या टाक्याला, धुऱ्यावरच्या लिंबाच्या झाडांना द्या. आम्ही याच वेळात दव अंगावर घेत हरभऱ्यात पाइप मांडून घेतो. साडेनऊच्या सुमारास स्प्रिंकलर सुरू करायचं, पण सगळे नोझल एकदम उघडायचे नाहीत. आमचा ३ एचपीचा पंप आहे, विहिरीतलं पाणी हिवाळ्यात वर असतं, भर दुपारी तो सहा नोझल नीट फिरवतो. सकाळी मात्र चारच उघडायचे, अकराला उरलेले दोन. त्यासाठी प्रत्येक नोझलच्या उभ्या नळीला कॉक बसवून घ्या, पैसे वसूल होतात. ढग आले की पुन्हा दोन बंद. सहा नोझल अर्धवट फिरण्यापेक्षा चार पुरे फिरलेले केव्हाही बरे.

दाब पुरेसा आहे का, हे मीटरशिवाय कळतं. नोझलपासून थोडं लांब उभं राहून जमिनीकडे पाहा. दाब कमी असला की पाणी जाड थेंबांनी दूर जाऊन एका गोल पट्ट्यात पडतं आणि नोझलच्या जवळची माती कोरडी राहते. काळ्या मातीत हे लगेच दिसतं, बाहेर ओलं कडं, आत फिकट भेगाळलेली जमीन. दाब बरोबर असला की धार टोकाला फुटते आणि सगळीकडे सारखं भिजतं. एखादाच नोझल अडला असेल तर तो काढून भोकात पाहा. आमच्या विहिरीतली बारीक गोगलगाय नेमकी तिथेच येऊन बसते. ती तुरीच्या काडीने काढा, तारेने नाही. पितळेचं भोक तारेने मोठं होतं, मग तो नोझल कायमचा जास्त पाणी पितो.

आता हिशेब. ४० फूट बाय ४० फूट अंतरावर नोझल ठेवला आणि तो सेकंदाला अर्धा लिटर पाणी देत असेल, तर तासाला साधारण १२ मिलिमीटर पाणी पडतं. हरभऱ्याला एका वेळी ४० मिलिमीटरच्या आसपास पुरतं, म्हणजे एका जागी तीन तासांच्या थोडं वर. विश्वास नसेल तर सरळ भिंतीचा डबा दोन नोझलच्या मध्ये ठेवा आणि पोराच्या कंपासमधल्या पट्टीने मोजा. चार सेंटिमीटर झालं की पुरे. एकरात अशा साधारण २७ जागा बसतात. साडेनऊ ते सव्वाचारमध्ये जेमतेम दोन पाळ्या होतात, सहा नोझलच्या फार तर बारा जागा, म्हणजे एकराला अडीच दिवस. अडीच एकराला जवळपास आठवडा गेला, आणि तोही आभाळ स्वच्छ असेल तर. म्हणून शेवटचा कोपरा सुकायची वाट पाहू नका. पहिलं पाणी पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी, फुलं यायच्या आधी, दुसरं घाटे भरताना. ऐन फुलोऱ्यात स्प्रिंकलर लावू नका. भारी जमिनीत ओल असेल तर दुसऱ्या पाण्याची घाई नको. फुकटचं पाणी आहे म्हणून चालू ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यांचा हरभरा नुसता वाढतो आणि पिवळा पडतो, आणि फेब्रुवारीत विहीरही लवकर तळ दाखवते.

पाळी बदलताना ओल्या काळ्या मातीत घोट्यापर्यंत पाय रुततो आणि हातात पाइप असतो. शक्य असेल तर दुसरी ओळ आधीच कोरड्यात मांडून ठेवा. आधी तिचा व्हॉल्व्ह उघडा, मग पहिलीचा बंद करा.

सौर प्लेटा अजून बसायच्या असतील तर जागेचं नीट पाहा. मेच्या शेवटी आमच्याकडे सूर्य डोक्यावर येतो, भर दुपारी सावली पायाखाली असते. त्या दिवसांत जागा पाहायला आलेल्या माणसाला धुऱ्यावरचा निंब दिसतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारीही सावली झाडाच्या उंचीएवढी पडते, सकाळी नऊला त्याच्या जवळपास दुप्पट. आणि ओलित तर हिवाळ्यातच करायचं असतं. दक्षिण, पूर्व आणि पश्चिम या तिन्ही बाजूंचा धुरा पाहा. एका प्लेटीवर सावली आली तरी तिच्यासोबत जोडलेल्या ओळीची वीज उतरते. तोंड दक्षिणेला, उतार साधारण २० अंश. हाताने दिशा फिरवायची सोय असेल तर ती वापरा, बरेच जण बोल्ट गंजू देतात.

धूळ पुसायची ती पहाटे, काच गार असताना. सोयाबीन, तुरीचं मळणीयंत्र शेजारी चाललं असेल तर दुसऱ्याच दिवशी. बोअरचं जड पाणी काचेवर वाळून पांढरा थर धरतं, म्हणून मऊ फडकं आणि जमेल तर साठवलेलं पावसाचं पाणी. तापल्या काचेवर गार पाणी ओतू नका. उन्हाळ्यात सूर्य तेज असूनही वीज थोडी कमी मिळते. प्लेट जितकी तापते तितकी तिची ताकद घटते, तो दोष समजू नका.

वायरीला मात्र भ्यायचं. उजेड असेपर्यंत प्लेटांत वीज असते, स्विच बंद केला तरी त्या वायरीत असते. चालू मोटरला जोडणीचे प्लग ओढू नका, ठिणगी पेटत राहते. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून ती नळीतून घ्या. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाका. वादळाच्या दिवसांआधी नटबोल्ट आवळा.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यावर ७.५ एचपी. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा असतो, तेव्हा गारपिटीने काच फुटली तर काही हलवायच्या आधी फोटो काढा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. रात्रीच्या लाइनीवर ओलित गडीमाणूस करायचा, बॅटरी, काठी आणि रानडुकराची धास्ती घेऊन. दिवसाचं ओलित आता घरच्या बाईकडे आलं आहे, निंदणाच्या वर. पंप सासऱ्यांच्या नावावर, पण पाइप उचलते ती सून. तेव्हा कंपनीचा माणूस प्लेटा लावायला येईल त्या दिवशी कंट्रोलरवरच्या आकड्यांचा अर्थ तिलाही समजावून घेऊ द्या, तक्रारीचा नंबर तिच्याही मोबाइलमध्ये ठेवा. पाइप घेताना तीन इंचीचे जड पाहू नका, अडीच इंचीचे हलके एका हाताने उचलतात. सहा नोझलला तेवढे बास होतात.