पाक साखरू नये म्हणून, आणि मुद्दाम साखरावा म्हणूनही

चवथीच्या गडबडीत पाक साखरला की आपण साखरेला दोष देतो. कारण बहुधा कढईच्या कडेला असतं. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांना साधारण 200 ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात मात्र जवळजवळ 490 ग्रॅम. त्यामुळे घट्ट पाक निवताना त्यात पाण्याला पेलवेल त्याहून जास्त साखर उरते. तिला स्फटिक व्हायला फक्त आधार हवा असतो, आणि कडेला चिकटलेला एक कोरडा दाणाही पुरतो.

म्हणून साखर पूर्ण विरघळेपर्यंतच ढवळा. उकळी आली की डाव बाजूला ठेवा आणि 2 मिनिटं झाकण घाला, म्हणजे वाफेनेच कडेचे दाणे धुतले जातात. वाटीभर साखरेला लिंबाचे 4-5 थेंब पुरेत. आंबटामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि ते स्फटिकाची रचना जुळू देत नाहीत. जास्त पिळू नका. फ्रुक्टोज हवेतली ओल ओढतं, आणि आपल्या गोव्यात चवथ भर पावसाळ्यात येते.

जत्रेतल्यासारखं खाजं करायचं असेल तर सगळं उलट. तिथे स्फटिकच हवेत. आलं घातलेल्या गुळाच्या घट्ट पाकात तळलेल्या कांड्या टाकल्या की गार होईपर्यंत हलवत राहा. हलवण्याने बारीक स्फटिक भराभर तयार होतात आणि गुळाचा थर कोरडा बसतो. मध्येच थांबलात तर कांड्या चिकटून गोळा होतो. इथे लिंबू अजिबात नको.