उत्तर-आधुनिक चित्रपट कसा पाहावा

उत्तर-आधुनिक म्हणवला जाणारा, म्हणजे जुन्या शैली आणि संदर्भ उसने घेऊन त्यांच्याशी खेळणारा पाश्चात्त्य चित्रपट पाहताना आपण बहुधा संदर्भ हुडकण्याच्या मागे लागतो: हे दृश्य कोणत्या जुन्या चित्रपटातले, ही वेशभूषा कोणाची. ओळख पटल्याचा आनंद खरा असतो, पण तेवढ्यावर थांबले तर चित्रपट हातून निसटतो. त्याची शैली आपल्याला कोणत्या जागी आणून उभे करते, हे तपासायला हवे.

सरावासाठी क्वेंटिन टॅरँटिनो यांचा १९९४ सालचा ‘पल्प फिक्शन’ घ्यावा. पहिल्यांदा तो सलग पाहावा. दुसऱ्यांदा वही घेऊन बसावे. एका रकान्यात प्रसंग पडद्यावर येतात त्या क्रमाने आणि शेजारी ते घडतात त्या क्रमाने लिहावेत. घटनाक्रमाने पाहिले तर मुष्टियोद्धा बुच मैत्रिणीला मोटारसायकलवर बसवून निघून जातो तेथे कथा संपते आणि भाडोत्री गुंड ज्यूल्सने गुंडगिरी सोडण्याचा घेतलेला निर्णय मध्येच कुठेतरी विरून जातो. पडद्यावर मात्र शेवट त्याच निर्णयाने होतो. अगदी जवळून झाडलेल्या गोळ्या आपल्याला लागल्या नाहीत, हा ईश्वरी संकेत आहे असे ज्यूल्स न्याहारी करताना म्हणतो, तर त्याचा साथीदार व्हिन्सेंट त्याला योगायोग ठरवून मोकळा होतो. मग अर्ध्या चड्डीत पिस्तुले खोचून दोघेही बाहेर पडतात. व्हिन्सेंट बुचच्या घरात मारला जाणार, हे आपण आधीच पाहिलेले असते. काळाची ही उलटापालट निव्वळ करामत नाही. ज्यूल्सच्या निवडीचे मोल आपल्याला तिच्यामुळेच कळते.

यानंतर उसन्या शैलीकडे वळावे. उपहासाची धार नसलेली, गतकाळाच्या शैलींची नक्कल हे उत्तर-आधुनिक कलेचे लक्षण असल्याचे अमेरिकी समीक्षक फ्रेडरिक जेमसन यांनी १९८४ च्या निबंधात मांडले. याच चित्रपटातले उपाहारगृह, जेथे मर्लिन मन्रोसारखी नटलेली तरुणी वावरते, त्या विवेचनात चपखल बसते. तरीही तेथेच व्हिन्सेंटच्या टोळीप्रमुखाची पत्नी मिया त्याला विचारते की, अवघडलेपण टाळण्यासाठी माणसे उगाच बडबडत का राहतात. एवढ्या बनावट जागेत इतका सच्चा प्रश्न यावा, हे मला त्या प्रसंगाचे मर्म वाटते. म्हणून असे चित्रपट केवळ वरवरचे असतात, हा निष्कर्ष घाईने काढू नये.

कथेची हमी कोण देतो, तेही पाहावे. कोएन बंधूंचा ‘फार्गो’ (१९९६) ही सत्यकथा असल्याचे सुरुवातीलाच सांगतो आणि अखेरच्या श्रेयनामावलीत पात्रे काल्पनिक असल्याचे नोंदवतो. वेस अँडरसन यांच्या ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’मध्ये (२०१४) चौकटीकडे लक्ष ठेवावे: १९३२ चा काळ जवळजवळ चौरस चौकटीत दिसतो, तर १९६८ चा रुंद पडद्यावर. चौकट बदलली की आता कोणाची आठवण कोण सांगत आहे, हे वहीत टिपावे. संदर्भ ओळखूनही प्रसंगाच्या अर्थात काहीच भर पडत नसेल, तर तो निव्वळ सजावटीचा आहे असे निःसंकोच लिहावे, मग दिग्दर्शक कितीही नावाजलेला असो.