आधी मात दिसू द्या, मग वजीर द्या

बुद्धिबळाची कोडी नुकतीच सोडवू लागलेल्यांची एक सवय मला हमखास दिसते. ‘पांढऱ्याची चाल, चार चालींत मात’ असं वाचलं की हात थेट वजिराकडे जातो. कोडं आहे म्हणजे वजीर द्यायचाच असणार! अंदाज पुष्कळदा बरोबरही ठरतो, पण खऱ्या डावात ‘इथे मात आहे’ असं कानात सांगायला कुणी नसतं. म्हणून माझा आग्रह असा की बळी, म्हणजे फायद्यासाठी मुद्दाम द्यायचा मोहरा, शोधत बसू नका, मात शोधा. बळी कुठला द्यायचा ते तिथून उलटं मागे येताना सापडतं.

पट मांडूनच पाहा. (पांढऱ्याच्या बाजूने डावीकडून उजवीकडे उभ्या पट्ट्या ए ते एच, आणि खालून वर आडव्या ओळी १ ते ८.) काळा राजा एच८वर, जी७ आणि एच७ला त्याची प्यादी, हत्ती ई८वर, वजीर लांब बी२वर. पांढरा राजा जी१वर, पुढे एफ२, जी२, एच२ ही प्यादी, वजीर सी४वर आणि घोडा जी५वर. चाल पांढऱ्याची.

काळ्या राजाशेजारी आता फक्त जी८ हे घर रिकामं आहे. तिथे काळ्याचाच मोहरा येऊन बसला, तर एफ७वरून घोड्याचा शह म्हणजे मात. हे चित्र दिसलं की काही जण लगेच वजीर जी८वर नेऊन शह देतात. हत्तीने मारलं तर घोडा एफ७, खेळ खलास. पण काळा हत्तीने का मारेल? तो राजानेच वजीर खाईल आणि वर हत्ती ई१वर आणून मात करायची धमकी उभी राहील. समोरच्याचं जे उत्तर आपल्याला नकोसं वाटतं, तेच सर्वांत आधी तपासायचं.

म्हणजे वजीर देण्यापूर्वी जी८वर आपला जोर हवा, म्हणजे तिथे वजिराला राजा खाऊ शकणार नाही. तो जोर घोडा एच६वरून देतो. पहिली चाल घोडा एफ७, शह. राजाला जी८वर यावंच लागतं. दुसरी, घोडा एच६. हा दुहेरी शह आहे, घोड्याचा आणि मागून उघडलेल्या वजिराचाही. जी७चं प्यादं घोड्याला मारू शकतं असं वाटतं, पण मारलं तरी वजिराचा शह राहतोच, म्हणून राजालाच हलावं लागतं. तो एफ८वर गेला तर वजीर एफ७वर मात. एच८वर परतला तर आता वजीर जी८वर, शह! राजा खाऊ शकत नाही, हत्तीला खावंच लागतं, आणि घोडा एफ७वर मात करतो. या मातीचं वर्णन स्पेनच्या लुसेनाच्या १४९७च्या बुद्धिबळाच्या पुस्तकातही आहे.

बळी का दिला, हे एका वाक्यात सांगता आलं नाही तर कोडं सुटलं असं मी मानत नाही. वरच्या कोड्यात राजाची वाट त्याच्याच हत्तीने अडवली. १८५८मध्ये पॅरिसच्या ऑपेरात अमेरिकी खेळाडू पॉल मॉर्फीने बी८वर वजीर दिला तो डी७चा घोडा हटवायला. घोड्याने वजीर खाल्ला आणि मोकळ्या झालेल्या डी पट्टीवरून हत्तीने डी८वर मात केली. १९१२मध्ये लंडनला एडवर्ड लास्करने जॉर्ज थॉमसविरुद्ध एच७वर वजीर देऊन राजालाच बाहेर ओढलं आणि पार जी१पर्यंत आणून मात केली. हा डाव नव्या माणसाने पटावर एकदा तरी खेळून पाहावाच.

सरावाला लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर मातीच्या प्रकारांनुसार कोडी फुकट मिळतात. सुरुवातीला घड्याळ लावून सोडवू नका. मोहरे न हलवता शेवटच्या चालीपर्यंत मनात जा, मगच पहिली चाल करा.

आणि सुटलेलं कोडं लगेच सोडू नका, त्यात एक मोहरा सरकवून बघा. वरच्या पटावर एच७चं प्यादं एच६वर ठेवा: पहिल्याच शहाला राजा एच७वर निसटतो. काळा वजीर बी२ऐवजी ई७वर ठेवा: एफ७वर आलेला घोडाच तो खातो.